सर्टिफिकेटच्या नंबरातलं शेवटचं अक्षर



शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात ज्यांचं ऑफिस आहे, त्यांना तिथल्या सकाळचं वर्णन करायची गरज नाही. नॅशनल पेंट्सच्या राउंडअबाउटपाशी अर्धा तास गाडीत बसायचं, मग जुन्या गाड्यांचे सुटे भाग, टायर आणि लोखंड कापणाऱ्यांच्या गल्ल्यांमधून वाट काढायची, आणि शेवटी करक चहाचा कागदी कप हातात घेऊन कामाच्या ठिकाणी पोचायचं. 2017 साली मी पुण्याहून नुकताच इथे आलो होतो, आणि कन्सल्टंट म्हणून मिळालेलं माझं पहिलं मोठं काम याच गल्ल्यांमधल्या एका वर्कशॉपमध्ये होतं.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. म्हणजे घरातला फ्यूज उडाला तर आमची सौ. मला न विचारता थेट वॉचमनला फोन करते! आणि हे वर्कशॉप होतं विजेच्या सामानाचं, तेही साध्या नाही. तेलाचे आणि गॅसचे प्लांट, रंगाचे कारखाने, पेट्रोलचे डेपो, म्हणजे जिथे हवेतच पेटणारा वायू असू शकतो, अशा ठिकाणी लागणारे दिवे, स्विच, जंक्शन बॉक्स आणि केबल ग्लँड तिथे मिळत. या धंद्यात प्रत्येक डब्यासोबत एक सर्टिफिकेट असतं आणि त्या सर्टिफिकेटचा नंबर डब्यावरच्या पट्टीवर कोरलेला असतो. वर्षानुवर्षं एक्सेलच्या फायलींमध्ये साठलेले ते नंबर एका नव्या सिस्टीममध्ये आणायचे, एवढंच माझं काम. सोपं होतं.

जवळपास अकरा हजार ओळी होत्या. बघितलं तर एकच नंबर दोनदा दिसायचा. एकदा नुसता, आणि एकदा शेवटी इंग्रजी एक्स हे अक्षर लावून. कोणीतरी घाईत टाईप केलेला कचरा, असा मी निष्कर्ष काढला. चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, शेवटचे सगळे एक्स उडवले, डुप्लिकेट ओळी आपोआप एक झाल्या. दुपारच्या जेवणाआधी टेबल कसं स्वच्छ! मी स्वतःवर जाम खूश होतो.

चार दिवसांनी तिथले काका माझ्या टेबलापाशी आले. काका मूळचे नागपूरचे, साठीच्या आसपासचे. उमेदीची बरीच वर्षं अंबरनाथच्या एका फ्लेमप्रूफ स्विचगिअर बनवणाऱ्या कारखान्यात काढून इथे आलेले. हातात माझ्या सिस्टीममधून निघालेला कागद होता.

"काय करून राहिला रे तू? या नंबरातला एक्स कोणी उडवला?"

"मीच, काका. डुप्लिकेट होते ते. साफ केले."

"डुप्लिकेट नव्हते ते बाबू. बिनएक्सवाले चुकीचे होते. तू खरे मारले अन् खोटे ठेवले."

मग त्यांनी समजावून सांगितलं. नंबराच्या शेवटी एक्स असला, तर त्याचा अर्थ हे उपकरण सुरक्षित आहे, पण काही खास अटींवर. त्या अटी सर्टिफिकेटच्या आतल्या पानावर लिहिलेल्या असतात. एक्स दिसला की ते पान उघडून वाचायचं, हा नियम. एक्सच नाही, तर पान उघडायचं कारणच नाही.

त्याच दिवशी मागच्या बाजूला 240 दिवे पॅक होत होते. प्लॅस्टिकच्या आवरणाचे, वाळवंटातल्या एका गॅस प्लांटला जाणारे. काकांनी आतलं पान काढून माझ्यापुढे धरलं. अट एकाच वाक्याची होती. घर्षणाने स्थिर वीज तयार होण्याचा धोका असल्यामुळे हा दिवा फक्त ओल्या फडक्याने पुसावा.

खरं सांगतो, मला हसू आलं. एवढंच? काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "घंटीची गोष्ट माहीत आहे का तुला?"

माहीत नव्हती. त्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी सांगितली, आणि नंतर मी स्वतः बरंच वाचलं. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

गोष्ट कोळशाच्या खाणीत सुरू होते. कोळशाच्या थरांतून मिथेन वायू झिरपतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के झालं की एक ठिणगी पुरते. इंग्लंडमध्ये 1812 साली फेलिंगच्या खाणीत स्फोट होऊन 92 जण गेले, आणि त्यानंतर तीन वर्षांनी, 1815 मध्ये, हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने आपला सुरक्षा-दिवा तयार केला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी. जाळीतून बाहेर येताना ज्योत इतकी थंड होते की बाहेरचा वायू पेटत नाही. शाळेत आपण हे दोन मार्कांसाठी पाठ केलेलं आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खाणींमध्ये वीज आली. मोटर आली, स्विच आला, आणि प्रत्येक स्विचबरोबर ठिणगी आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत गेल्सनकिर्शेन इथे कार्ल बायलिंग याने लोखंडी डब्यांत मुद्दाम स्फोट घडवून प्रयोग केले. त्यातून जी कल्पना पक्की झाली ती ऐकायला उलटी वाटते. डबा हवाबंद करायच्या भानगडीत पडू नका. वायू आत शिरणारच. आत स्फोट झाला तर होऊ द्या! फक्त डबा फुटणार नाही इतका मजबूत ठेवा, आणि झाकणाचा सांधा इतका रुंद आणि त्यातली फट इतकी बारीक ठेवा की बाहेर पडणारी आग वाटेतच थंड होईल. म्हणजे डेव्हीच्या जाळीचाच थोरला भाऊ. आपल्याकडे कारखान्यात ज्याला 'एफएलपी' म्हणतात, तो हाच फ्लेमप्रूफ डबा.

फट किती बारीक? ते वायूवर ठरतं. प्रयोगशाळेतल्या ठरावीक मोजणीत मिथेनची आग 1.14 मिलिमीटरपर्यंतच्या फटीत अडते. हायड्रोजनची अडवायला फट 0.29 मिलिमीटरच्या पुढे जाऊन चालत नाही. म्हणून झाकणाच्या सांध्यावर एक ओरखडा पडला किंवा वर्कशॉपमध्ये कोणी डब्याला एक जास्तीचं भोक पाडलं, तर बाहेरून डबा तोच दिसतो, पण सर्टिफिकेट त्या डब्याचं राहत नाही.

आता घंटीची गोष्ट. दक्षिण वेल्समध्ये सेंगहेनिड नावाचं गाव आहे. 14 ऑक्टोबर 1913 च्या सकाळी तिथल्या युनिव्हर्सल कोलियरीत स्फोट झाला. 439 खाणकामगार मेले, आणि नंतर सुटकेच्या कामात आणखी एक जण. ब्रिटनच्या खाणींच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी दुर्घटना. त्याच खाणीत 1901 साली 81 माणसं मेली होती. खटला चालला आणि दंड झाला. मॅनेजरला 24 पौंड, कंपनीला 10 पौंड!

पहिली ठिणगी कुठून आली हे चौकशीत पक्कं ठरलं नाही. पण एक मोठा संशय होता तो विजेच्या घंटीवर. खाणीच्या बोगद्यातून दोन उघड्या तारा नेलेल्या असत. कामगार त्या एकमेकींना टेकवी, दूर यंत्रापाशी घंटी वाजे, आणि कोळशाचे डबे ओढणारा दोर थांबे किंवा सुटे. बॅटरीवरची वीज, अगदी कमी व्होल्टेज. हात लावला तरी झटका बसायचा नाही. अशा इवल्याशा ठिणगीने काय होणार, असंच सगळे धरून चालले होते.

पुढच्या काही वर्षांत व्हीलर आणि थॉर्नटन या दोन संशोधकांनी हे तपासलं. तारा सुटताना घंटीच्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा ठिणगीतून बाहेर पडते, आणि मिथेन पेटवायला ती पुरेशी असू शकते, हे त्यांनी दाखवलं. मिथेनला साधारण 0.28 मिलिज्यूल लागतात. हायड्रोजनला 0.02 च्या आसपास. हिवाळ्यात गाडीच्या दाराला हात लावताना जो चटका बसतो ना, त्यात बऱ्याचदा याहून जास्त ऊर्जा असते. या अभ्यासातून दुसरा मोठा मार्ग निघाला. ठिणगी अडवण्यापेक्षा सर्किटच असं बनवायचं की त्याची ठिणगी वायू पेटवूच शकणार नाही. आजचे गॅस प्लांटमधले सेन्सर आणि मोजमापाची बहुतेक यंत्रं या तत्त्वावर चालतात.

"आता सांग," काका म्हणाले, "कोरडं फडकं अन् प्लॅस्टिक, लहान ठिणगी की मोठी?"

मी गप्प.

मला पडलेला पुढचा प्रश्न खास सॉफ्टवेअरवाल्याचा होता. विज्ञान एकच, मिथेन सगळीकडे सारखाच, मग माझ्या टेबलात 'देश' असा रकाना का? एकाच जंक्शन बॉक्सला जर्मन नंबर वेगळा, ब्रिटिश वेगळा, भारतीय वेगळा, अमेरिकन खुणा तर पूर्णच वेगळ्या. हा काय प्रकार?

उत्तर इतिहासातच आहे. प्रत्येक देशाने आपली परीक्षा आपल्या खाणींच्या जवळ, आपल्या मेलेल्या माणसांनंतर उभी केली. जर्मनीत ती गेल्सनकिर्शेनच्या आसपास वाढली. ब्रिटनमध्ये बक्स्टन या गावी खाण-सुरक्षेचं संशोधन केंद्र उभं राहिलं, आणि पुढे 'बसीफा'ची सर्टिफिकेटं तिथूनच निघू लागली. अमेरिकेत 1910 साली ब्यूरो ऑफ माइन्सची स्थापना झाली. आपल्याकडे धनबादला 1956 मध्ये केंद्रीय खाण संशोधन केंद्र सुरू झालं. त्यानंतर नऊच वर्षांनी, 28 मे 1965 रोजी, तेव्हाच्या बिहारमधल्या धोरी खाणीत स्फोट होऊन 268 माणसं गेली. म्हणजे नुसतं केंद्र उघडून भागत नाही, हेही आपण मोठी किंमत देऊनच शिकलो.

आणि आता आपल्या लोकांसाठी खास माहिती. खाणींचा कारभार धनबादला, पण भारतात पेट्रोलियमच्या ठिकाणी, म्हणजे रिफायनरी, डेपो, पंप इथे जी विजेची उपकरणं लागतात, त्यांच्या मंजुरीचं मुख्य ऑफिस कुठे आहे? आपल्या नागपूरला! सेमिनरी हिल्सवर, मुख्य विस्फोटक नियंत्रकांच्या कार्यालयात. हे खातं 1898 पासूनचं. स्फोटकांचा कायदा 1884 चा, पेट्रोलियमचा 1934 चा. पेट्रोलियमच्या नियमांनुसार धोक्याच्या क्षेत्रात लावायचं उपकरण त्यांनी मंजूर केलेल्या प्रकारचं असावं लागतं. त्यामुळे या धंद्यातला मुंबईचा, चेन्नईचा किंवा परदेशातला कोणीही असो, 'सीसीओई अप्रूव्हल आहे का?' हा प्रश्न त्याला चुकत नाही. खात्याचं नाव पुढे बदललं, 'पेसो' झालं, पण जुनी मंडळी अजून सीसीओईच म्हणतात.

काका अंबरनाथला असताना नव्या डब्याची ड्रॉइंग आणि टेस्टचे रिपोर्ट घेऊन विदर्भ एक्स्प्रेसने नागपूरला जात. कंपनीच्या खर्चाने माहेरपण, असं त्यांच्या घरी म्हणत. पण तिथे ड्रॉइंगमधल्या एकेका मापावर बोट ठेवून प्रश्न विचारले जात. "तेव्हा राग यायचा," ते म्हणाले. "वाटायचं, धनबादनं पास केलं आहे, आता याईले काय पाहिजे? मग एकदा असाच एक प्रश्न विचारला, अन् सांध्याचं माप आमच्याच हातून चुकलेलं निघालं. तेव्हापासून राग गेला."

अर्थात देशोदेशीच्या शिक्क्यांमागे नुसती माणसांची काळजी होती असं म्हणणं भोळेपणाचं होईल. धंदाही होता. आमचाच शिक्का हवा म्हटलं की बाहेरचा माल आपोआप अडतो. एकच डबा दहा देशांत दहा वेळा तपासायचा आणि त्याचा खर्च शेवटी गिऱ्हाईकाने द्यायचा. हे थांबवायला युरोपने 1975 मध्ये पहिला सामाईक निर्देश काढला, आणि 1 जुलै 2003 पासून 'एटेक्स' सक्तीचं केलं. षटकोनातलं 'ईएक्स' हे चिन्ह त्याच घरचं. त्याआधी, 1990 च्या दशकात, 'आयईसीईएक्स' ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली होती. एकदा तपासा आणि सगळीकडे चालवा, हे तिचं ध्येय. 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने हा मार्ग सगळ्या देशांसाठी आदर्श म्हणून मांडला.

आणि आपली शारजा? इथे कोळशाची खाण नाही, त्यामुळे गेल्सनकिर्शेन नाही की धनबाद नाही. 1932 साली इथे विमानतळ झाला तो मुख्यतः लंडनहून भारताकडे जाणाऱ्या विमानांच्या मुक्कामासाठी. 1972 मध्ये समुद्रात मुबारक तेलक्षेत्र सापडलं, 1974 मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि 1980 मध्ये सजा इथे गॅस मिळाला. यंत्रं बाहेरून आली, ती आपापल्या देशाची सर्टिफिकेटं घेऊनच. म्हणून तर आमच्या वर्कशॉपच्या फळीवर अमेरिकन 'क्लास-डिव्हिजन', ब्रिटिश, जर्मन आणि भारतीय असे सगळे शेजारी शेजारी बसलेले होते, अगदी रोला परिसरातल्या बिल्डिंगीतल्या शेजाऱ्यांसारखे!

पण कोणाचीही सर्टिफिकेटं घेतली की झालं, असंही नाही. एक उदाहरण देतो. सर्टिफिकेटवर तापमानाबद्दल वेगळं काही लिहिलं नसेल, तर ते उपकरण उणे 20 ते 40 अंश सेल्सिअसच्या हवेसाठी आहे असं धरतात. 40 अंश! जुलैतल्या दुपारी शारजात पारा कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे. थंड देशात बसून दिलेलं सर्टिफिकेट खोटं नसतं, पण ते आपल्या उन्हासाठी दिलेलं आहे का, हे आपणच बघायचं असतं. अमिरातीने 2001 मध्ये 'एस्मा' ही मानकांची संस्था काढली. 2020 मध्ये तिचं काम उद्योग आणि प्रगत तंत्रज्ञान मंत्रालयाकडे गेलं. तिच्या 'एकास' व्यवस्थेत स्फोटक वातावरणातल्या उपकरणांसाठीही वेगळी नोंदणी आली. आयईसीईएक्सचं सर्टिफिकेट तिथे पाया म्हणून चालतं, पण नोंदणी इथलीच लागते. 'आणखी एक कागद!' असं धंद्यातले लोक म्हणतात. मीही म्हणायचो. आता म्हणताना जरा थांबतो. ज्या देशात ते दिवे लागणार, माणसं राबणार, त्या देशात कोणाचं तरी उत्तरदायित्व असावं, हे काही चुकीचं मागणं नाही.

असो. माझ्या उद्योगाकडे परत येतो.

दिव्यांच्या पट्टीवर एक्स होताच, तो कारखान्यातून कोरून आलेला. पण पट्टी छताकडे तोंड करून तीस फुटांवर लागणार. प्लांटमधला माणूस बघणार ते आमच्या सिस्टीममधून गेलेलं रजिस्टर, आणि त्यात एक्स नव्हता. म्हणजे 1913 नंतर शंभर वर्षं कोणी कोणी जिवाच्या किमतीवर जे शिकून ठेवलं होतं, ते मी जेवणाआधीच्या अर्ध्या तासात पुसून टाकलं होतं. तेही कोरड्या फडक्याने!

माल थांबवला. मालकांना मी स्वतः जाऊन सांगितलं, आणि त्यांनी जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. बॅकअप होता, पण जुन्या फायलींतही कुठे एक्स होता, कुठे नव्हता, त्यामुळे मशीनवर विसंबता येईना. काका आणि मी सलग चार शुक्रवार बसून मूळ सर्टिफिकेटांशी एकेक नंबर ताडून पाहिला. टेबलात मी 'अटी' नावाचा नवा रकाना घातला. नंबरात एक्स असेल आणि अट भरलेली नसेल, तर डिलिव्हरी नोट निघतच नाही. माझ्या सगळ्या कामातली ती सर्वांत साधी सोय असेल, पण मला सर्वांत आवडते.

काकांना मात्र तेवढ्याने समाधान नव्हतं. "सर्टिफिकेट इंग्रजीत आहे," ते म्हणाले. "दिवा पुसणारा पोरगा ते वाचणार आहे का?" त्यांनी कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या. हिंदीत स्वतः लिहिलं, गीले कपड़े से ही पोंछें. स्टोअरमधल्या मल्याळी मित्राकडून त्याखाली मल्याळममध्ये, आणि एका ड्रायव्हरकडून उर्दूत लिहून घेतलं. एक नमुना झाला, बाकीच्या झेरॉक्स. 240 खोक्यांत 240 चिठ्ठ्या. हे कुठल्या नियमात बसतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नियम कोणासाठी केला, त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे ना रे."

काही महिन्यांनी सिस्टीमच्या कामासाठी त्या प्लांटला जायचा योग आला. शिडीवर एक मुलगा दिवे पुसत होता. फार तर बावीस-तेवीस वर्षांचा. शिडीच्या खालच्या पायरीला पाण्याची बादली लटकवलेली होती. मी खाली उभा राहून बराच वेळ बघत राहिलो. त्याला वाटलं असेल, हा कोण साहेब कामावर लक्ष ठेवतोय!

काका आता निवृत्त होऊन नागपूरला परत गेले आहेत. सेमिनरी हिल्सवर रोज फिरायला जातात, आणि ते ऑफिस दिसलं की हात जोडतो असं फोनवर सांगतात. खरं-खोटं देव जाणे.

मंडळी, पुढच्या वेळी गाडीत पेट्रोल भरताना पंपाच्या मशीनवरची छोटी पट्टी जरूर बघा. ईएक्स दिसेल, एक लांबलचक नंबर दिसेल. त्या नंबराचं शेवटचं अक्षर एक्स असेल, तर कुठल्यातरी पानावर एक साधीशी अट लिहिलेली आहे, हे आता तुम्हालाही माहीत आहे.

आणि हो, दिवाळीची साफसफाई मात्र कोरड्या फडक्याने खुशाल करा! सर्वांना शुभ दीपावली.